पुस्तकाच्या दुकानातील नोकर आणि समीक्षेचे मौन

‘वाङ्मयीन संस्कृती’ ही संज्ञा मराठी समीक्षेत आता इतकी रुळली आहे की, तिच्या कक्षेत कोण येते आणि कोण येत नाही हे विचारण्याची गरजच कोणाला भासत नाही. लेखक येतो, समीक्षक येतो, प्रकाशक आणि संपादक येतात. वाचककेंद्री सिद्धान्तांची चर्चा सुरू झाल्यानंतर वाचकही सन्मानाने आत आला. ग्रंथालये, पारितोषिके, साहित्यसंमेलने, अभ्यासमंडळे यांनाही तेथे जागा आहे. ग्रंथविक्रेत्याचे नाव क्वचित निघते, तेही बहुधा ऋणनिर्देशात. त्याच्या दुकानात स्टुलावर उभा राहून वरच्या फळीवरचे पुस्तक काढून देणारा, धूळ झटकणारा, ‘हे संपले, पण त्यांचेच दुसरे आहे’ असे सांगणारा नोकर मात्र या संस्कृतीच्या कोणत्याही आराखड्यात आजवर आलेला नाही. अलीकडे तो चर्चेत आला आहे, पण आला तो आरोपी म्हणून. त्याचे वेतन वाढले म्हणून दुकाने बंद पडू लागली, असे आता सांगितले जाते.

नांदेड आणि लातूर येथील चर्चासत्रांच्या समारोपांत, ग्रंथोत्सवांच्या उद्‌घाटनांत हे शोकगीत आता ठरल्यासारखे म्हटले जाते. शासनाने किमान वेतनाचे दर वाढवीत नेले आणि दुकानदाराचे कंबरडे मोडले. राहिलेले काम ऑनलाइन विक्रीने पुरे केले. ही दोन कारणे एका दमात उच्चारली जातात आणि सभागृह मान डोलावते. या युक्तिवादाचा पहिला भाग हिशेबाला उतरत नाही आणि दुसरा अर्धाच खरा आहे. शिवाय हे दोन्ही भाग मिळून ज्या गोष्टीवर पांघरूण घालतात, तिच्यात मान डोलावणारे सभागृह स्वतः गुंतलेले आहे.

प्रथम वेतनाविषयी. महाराष्ट्र शासनाच्या २४ जुलै २०१९ च्या अधिसूचनेनुसार दुकाने व व्यापारी आस्थापनांतील अकुशल कामगाराचे मूळ वेतन पहिल्या परिमंडळात दरमहा १०,०२१ रुपये ठरले. अर्धकुशलाचे १०,८५६ आणि कुशलाचे ११,६३२. त्यावर निर्देशांकाशी जोडलेला, दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता वेगळा. महानगरपालिकांची क्षेत्रे पहिल्या परिमंडळात मोडतात. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये झाली आणि लातूरची २०११ मध्ये. त्यामुळे गंजगोलाईतल्या दुकानातील नोकराचा कायदेशीर दर दादरच्या दुकानातील नोकराएवढाच ठरतो. या बरोबरीवर दुकानदारांचा रोष आहे आणि तो अगदीच निराधार नाही. दादरची विक्री लातुरात होत नाही. मात्र दादरचे भाडेही लातुरात द्यावे लागत नाही, हे सांगायचे राहून जाते.

दुकानदाराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावयास हवी आणि ती या वादातील सर्वांत बळकट गोष्ट आहे. पुस्तक हा असा माल आहे की, त्याची किंमत विकणारा ठरवीत नाही. वेतन वाढले तर हॉटेलवाला चहाचा दर वाढवितो किंवा पेला लहान करतो. कापडदुकानदार पुढच्या खेपेला भाव चढवितो. पुस्तकाच्या मलपृष्ठावर मात्र पुण्यात किंवा मुंबईत छापलेला आकडा असतो. विक्रेता त्याच्या खाली उतरू शकतो, वर चढू शकत नाही. खर्च वाढला तर तो सोसावयाचा कोठून, हा त्याचा प्रश्न खरा आहे. परंतु ज्या दिशेला तो जाऊ शकतो, म्हणजे खाली, त्या दिशेला त्याला कोणी ढकलले, हे विचारले की नोकराचे वेतन फार मागे पडते.

उदाहरणादाखल ४०० रुपये किमतीची एक कादंबरी घ्यावी आणि विक्रेत्याला प्रकाशकाकडून ३५ टक्के सूट मिळते असे धरावे. छापील किमतीला विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे त्याच्या गल्ल्यात १४० रुपये राहतात. नोकराचे १०,०२१ रुपये काढण्यासाठी महिन्याला ७२ प्रती विकाव्या लागतील. आता गिऱ्हाइकाला २० टक्के सवलत द्यावी लागली, तर एका प्रतीमागे राहतात ६० रुपये, आणि त्याच वेतनासाठी १६८ प्रती लागतात. १६७ प्रतींनी एक रुपया कमीच पडतो. याउलट सवलत नाही आणि वेतन मात्र दरमहा एक हजाराने वाढले असे समजले, तर जादा विकाव्या लागणाऱ्या प्रती ७ भरतात. एका बाजूला ७ प्रती आणि दुसऱ्या बाजूला ९६. भाडे, वीज, गठ्ठ्यांची हमाली, उधारी यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. तो धरल्यास दुकानदाराची स्थिती आणखी बिकट दिसेल, परंतु वेतन आणि सवलत यांतील प्रमाण बदलणार नाही. दुकान जर बुडत असेल, तर ते वेतनाच्या ७ प्रतींत बुडत नाही, सवलतीच्या ९६ प्रतींत बुडते. नोकराकडे बोट दाखविण्याचे कारण एवढेच की, तो समोर उभा असतो. सवलत मागणारा गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाइकाकडे बोट दाखविता येत नाही.

शिवाय हे दर अधिसूचनेतले आहेत. छोट्या दुकानांतून ते कितपत हातात पडतात, हे सुट्टीत अशा दुकानात काम केलेल्या कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला विचारावे. दुकानांविषयीचा महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम आला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देणे पुरेसे ठरले. किमान वेतनाचा कायदा मात्र एका नोकराच्या दुकानालाही सोडत नाही. १९४८ च्या त्या कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात तर अनुसूचित रोजगारांपुरती असलेली जुनी मर्यादाही उरली नाही. म्हणजे अधिकार विस्तारला आहे. तपासणारा हात त्याबरोबर लांबला आहे काय, हा प्रश्न वेगळा. या दोन शहरांतील पुष्कळ दुकाने मालक, त्याचा मुलगा, दुपारी गल्ल्यावर बसणारी पत्नी आणि एखादा मुलगा-नोकर यांच्यावर चालतात. घरच्या माणसांना वेतन नसते, म्हणून किमान वेतनही नसते. मराठवाड्यातील ग्रंथप्रसाराची जी परंपरा गौरवाने सांगितली जाते, ती मोठ्या प्रमाणात या न मोजलेल्या श्रमावर उभी आहे. तिचा गौरव करताना हे श्रम ‘ध्येयवाद’ या नावाने जमेस धरले जातात.

एक तुलना करणे अप्रिय, पण आवश्यक आहे. सातव्या वेतन आयोगानुसार नव्याने रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. ते त्याला मिळावेच. शिक्षकाच्या वेतनाविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्या वेतनावर उभे राहून १०,०२१ रुपयांना संस्कृतीचा शत्रू ठरविणे हे समीक्षेला शोभत नाही. तासिका तत्त्वावर शिकविणारा, नेट-सेट झालेला तरुण सहसा ही भाषा बोलत नाही. त्याला त्या नोकराची महिनाअखेर ठाऊक असते.

वेतन आणि पुस्तकाचे दुकान यांचा संघर्ष उघडपणे मांडला गेल्याचे एक उदाहरण दूरच्या सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या शहराच्या मतदारांनी किमान वेतन २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरवर नेण्यास मान्यता दिली. विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘बॉर्डरलँड्स बुक्स’ या दुकानाने २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर केले की, पुस्तकाची किंमत छापील असल्यामुळे हा भार पेलणार नाही आणि दुकान बंद करावे लागेल. पुढे वाचकांनी वर्षाला १०० डॉलर देण्याची तयारी दाखविली, ३०० जण पुरेसे होते, ते अल्पावधीत मिळाले आणि दुकान चालू राहिले. हे उदाहरण आपल्याकडे सांगितले गेले, तर वेतनवाढीविरुद्धचा पुरावा म्हणूनच सांगितले जाईल. त्याचा अर्थ मात्र उलट आहे. ज्यांना ते दुकान हवे होते, त्यांनी नोकराचे वेतन कापण्याची मागणी केली नाही. ते वेतन आपल्या खिशातून भरले. नांदेडला असे ३०० वाचक मिळतील काय, असे कोणी उपहासाने विचारील. उपहास बाजूला ठेवून हा प्रश्न एखाद्या मराठी विभागाच्या बैठकीत खरोखरच विचारला जाण्यासारखा आहे.

आता ऑनलाइन विक्रीकडे वळावे. फ्लिपकार्टने २००७ मध्ये बंगळुरूहून पुस्तके विकूनच आरंभ केला आणि ॲमेझॉन भारतात जून २०१३ मध्ये आले ते पुस्तके आणि चित्रपट घेऊन. त्याआधी १९९० च्या दशकात अमेरिकेतही तिची सुरुवात पुस्तकांनीच झाली होती. पुस्तक नासत नाही, मोडत नाही, त्याला क्रमांक असतो आणि एक प्रत दुसरीसारखी असते; दुरून विकण्यास याहून सोयीचा माल नाही. पुढे भांड्यांपासून भ्रमणध्वनीपर्यंत सर्व काही विकता येऊ लागल्यावर पुस्तक हे गिऱ्हाईक ओढण्याचे आमिष झाले. ज्याला पुस्तकावर नफा कमवावयाचाच नाही, त्याच्याशी पुस्तकावरच पोट असणाऱ्याने स्पर्धा करावी, अशी ही स्पर्धा आहे. तिला ‘स्पर्धा’ म्हणणे हाच मुळात भाषेचा गैरवापर होय.

परंतु नांदेड-लातुरात ही विक्री नेमके काय हिरावून नेते, हे पाहिले पाहिजे. ‘ऑनलाइनमुळे साहित्याची पुस्तके विकेनाशी झाली’ हे विधान सैल आहे. या शहरांतील पुस्तकाच्या दुकानात दोन फळ्या असतात. समोरची, गिऱ्हाइकाच्या हाताला लागणारी फळी क्रमिक पुस्तकांची, प्रवेशपरीक्षांची आणि स्पर्धापरीक्षांची. मागची, उंचावरची फळी कथा-कविता-कादंबरीची, वैचारिक ग्रंथांची, समीक्षेची. दुकानाचे भाडे पहिली फळी भरते. दुसरी तिच्या आश्रयाने राहते. लातूर हे ‘लातूर पॅटर्न’चे शहर, नांदेडही शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र झालेले. वैद्यकीय प्रवेशासाठी, लोकसेवा आयोगासाठी आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांच्या खरेदीतला एक छोटा हिस्सा, कोणाच्याही लक्षात न येता, भालचंद्र नेमाडे किंवा रा. रं. बोराडे यांची पुस्तके वर्षभर फळीवर ठेवण्याचा खर्च भागवीत होता. हा छुपा आश्रय कोणत्याही वाङ्मयेतिहासात नोंदलेला नाही.

ऑनलाइन विक्रीने ओढून नेली ती पहिली फळी. स्पर्धापरीक्षेचे पुस्तक नावानिशी ठाऊक असते, शिक्षकाने सांगितलेले असते, हजारोंनी खपते, म्हणून त्यावर मोठी सवलत देता येते. राहिलेला भाग शिकवणी वर्गांनी स्वतःच्या छापील संचांनी आणि भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या प्रतींनी घेतला. आधार गेल्यावर मागची फळी कोसळली. ती कोणी हल्ला करून पाडली नाही. तिच्यासाठी ऑनलाइन विक्रेत्याने फारसे श्रमही घेतलेले नाहीत. वाङ्मयीन संस्कृतीला पोसणारी गोष्ट वाङ्मयबाह्य होती, हे समीक्षेने कधी पाहिले नाही, म्हणून ती गेल्याचेही तिला कळले नाही. गावातल्या शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत सांगणारी बोराड्यांची ‘पाचोळा’ १९७१ मध्ये आली आणि समीक्षेने तिचे मोल योग्यच ओळखले. कारागिराचा धंदा कसा मोडतो, याची इतकी सूक्ष्म जाण कादंबरीकडून घेणाऱ्या समीक्षेला, ती कादंबरी ज्या दुकानात मिळत होती त्या दुकानाचा धंदा कसा मोडतो, याचे कुतूहल वाटू नये, हे विलक्षण आहे.

येथे दुकानातील नोकर पुन्हा समोर येतो. ऑनलाइन खरेदी ज्याला शीर्षक ठाऊक आहे त्याच्यासाठी उत्तम आहे. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी तिच्याजवळ एकच उपाय आहे: हे घेणाऱ्यांनी तेही घेतले. ही शिफारस म्हणजे बहुसंख्यांच्या सवयीची सावली. उमरग्याच्या किंवा कंधारच्या एखाद्या नव्या कवीने पदरमोड करून काढलेल्या तीनशे प्रतींच्या संग्रहावर ती सावली पडूच शकत नाही, कारण तो संग्रह ‘घेणारे’ अजून अस्तित्वात आलेले नसतात. त्यांना अस्तित्वात आणण्याचे काम दुकानात होते. ‘मागच्या वेळी तुम्ही ते नेले होते ना, मग हे पाहा’ असे म्हणून दहा प्रतींपैकी एक पुढे सरकविणारा माणूस ते करीत असतो. क्रमांक नसलेली अनियतकालिके, नांदेडच्या ‘संगत’, ‘इसाप’ यांसारख्या स्थानिक प्रकाशनांची पुस्तके, चार जिल्ह्यांपलीकडे न जाणारे लोकसाहित्याचे संग्रह, आणि हो, वाङ्मयीन संस्कृतीवर गंभीर चर्चा करणारी समीक्षेची नियतकालिकेसुद्धा, याच गल्ल्यावर ठेवलेली असतात. निवड, तुलना, नव्याची जुन्याशी सांगड घालणे, ग्रहणक्षमता ओळखून कृती पुढे ठेवणे या व्यापाराला विद्यापीठात समीक्षा म्हणतात. दुकानात त्याला ‘अकुशल’ श्रेणी मिळते.

रॉबर्ट डार्नटन यांनी १९८२ मध्ये ग्रंथेतिहासाविषयी लिहिताना लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक यांना जोडणारे एक वर्तुळ कल्पिले. त्या वर्तुळाचे स्पष्टीकरण त्यांनी व्हॉल्तेरपासून सुरू न करता, अठराव्या शतकात माँपेलिए येथे दुकान चालविणाऱ्या रिगो नावाच्या विक्रेत्याच्या पत्रव्यवहारावरून केले. तो कोणते ग्रंथ किती मागवितो, सीमेवरून ते कसे आणवितो, कोणत्या प्रतिस्पर्ध्याला कसा चिरडतो, यातून प्रबोधनकाळाचा प्रसार कसा झाला हे दिसले. मराठीत या धर्तीचे काम जवळजवळ नाही. नरहर कुरुंदकरांनी ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ लिहिली ती नांदेडला राहून. कुरुंदकरांवर कोणाचा प्रभाव आहे याविषयी प्रबंध होतात. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये बाहेर पडलेल्या, उर्दू माध्यमाच्या छायेत वाढलेल्या एका जिल्ह्याच्या गावी रिचर्ड्स, मर्ढेकर आणि मार्क्स कोणाच्या गठ्ठ्यांतून, कोणाच्या उधारीवर पोहोचत होते, याविषयी प्रबंध होत नाही. विषय ‘वाङ्मयीन’ नाही म्हणून संशोधन समितीत तो नाकारला जाईल, हेही आधीच ठाऊक असते.

याच्या उलट बाजूची एक नोंद येथे करावी. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर रस्त्याच्या कडेला पुस्तकांची प्रचंड विक्री होते. तेथे ना दुकान असते, ना फळी. वाचनसंस्कृती लोपल्याची खंत करणारे तिकडे फारसे फिरकत नाहीत. पण तिच्या आधाराने ‘दुकानाची गरजच काय’ असे म्हणणेही बरोबर नाही. ती विक्री वर्षातील काही दिवसांची असते आणि नव्या, अनोळखी लेखकाला तिच्यात क्वचितच जागा मिळते.

आता ज्या गोष्टीवर पांघरूण आहे तिच्याकडे. सवलतीची ही भूक ऑनलाइन विक्रेत्यांनी निर्माण केलेली नाही. ती त्यांनी तयार स्थितीत उचलली. महाविद्यालयांच्या ग्रंथखरेदीची पद्धत पाहावी: तीन दरपत्रके मागवावयाची आणि सर्वांत जास्त सूट देणाऱ्याला पुरवठा द्यावयाचा. ज्याने वर्षभर समीक्षेची पुस्तके फळीवर ठेवली, प्राध्यापकांना चाळू दिली, यादी करण्यास मदत केली, तो विक्रेता आणि ज्याने केवळ यादी पाहून बाहेरगावाहून गठ्ठा पाठविला तो पुरवठादार, यांच्यात दरपत्रक भेद करीत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालील अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांची पुस्तकखरेदी ही छोट्या विक्रेत्याची खरी जमीन होती. तीही टक्केवारीच्या घासाघिशीने झिजत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनाकाळातील निधीचा ओघ बाराव्या योजनेबरोबर २०१७ मध्ये संपला, तेव्हा उरलेल्या थोड्या खरेदीसाठी ही घासाघीस आणखी तीव्र झाली. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झाले. आपल्या परिसरातच विद्यापीठ आल्याने ग्रंथव्यवहाराला बळ येईल, अशी अपेक्षा धरण्यात काही गैर नव्हते. अभ्यासक्रम बदलत राहिले, प्रत्येक बदलाबरोबर दुकानातला जुना साठा रद्दीच्या भावाला आला, आणि मूळ कादंबरीऐवजी तिच्यावरचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक विकले जाऊ लागले. मूळ पुस्तकावाचून पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होता येते, हे ज्या व्यवस्थेने शक्य केले तिने विक्रेत्याच्या नोकराला दोष द्यावा, याला काय म्हणावे?

सवलत हे वाचकाचे हित आहे, असे यावर उत्तर येईल. मुंबईच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ने १९४८ पासून सवलतीच्या बळावरच सामान्य मध्यमवर्गीयाच्या हाती उत्तम ग्रंथ दिले, हे खरे आहे. परंतु तेथे सवलत देणारा ग्रंथ जाणणाराही होता. निव्वळ सवलतीच्या खेळात त्याच्याहून मोठा खेळाडू उतरल्यावर त्या जाणकारीला बाजारात किंमत उरली नाही, आणि २०१८ मध्ये ते दुकान बंद झाले. किनवट, देगलूर, अहमदपूर येथील वाचकाला आता घरबसल्या पुस्तक मिळते, हेही खरे आहे आणि ते हलके लेखण्यासारखे नाही. ज्या गावात पुस्तकाचे दुकान कधीच नव्हते, तेथल्या वाचकाला नांदेडच्या दुकानासाठी अश्रू ढाळावयास सांगणे हा शहरी उद्दामपणा होईल. मराठी पुस्तकांसाठीच उभे राहिलेले ‘बुकगंगा’सारखे विक्रीस्थळ आणि सर्व काही विकणारी परदेशी कंपनी यांना एकाच मापाने मोजणेही योग्य नाही. म्हणून आक्षेप घरपोच पुस्तकाला नाही. टपाल खात्याने स्वस्त नोंदणीकृत पुस्तक-टपाल डिसेंबर २०२४ मध्ये बंद केले, तेव्हा छोट्या विक्रेत्याचा आणि छोट्या प्रकाशकाचा घरपोच पुस्तक देण्याचा मार्गच अडला होता. मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाल्यावर तो काही अंशी मोकळा झाला. आक्षेप किमतीच्या पाडापाडीला आहे.

त्यावर उपाय नाही असे नाही. फ्रान्सने १० ऑगस्ट १९८१ च्या कायद्याने छापील किमतीवर पाच टक्क्यांहून अधिक सवलत देण्यास सर्वांनाच बंदी केली. २००३ मध्ये ग्रंथालयांना द्यावयाच्या सवलतीवर नऊ टक्क्यांची मर्यादा घातली. २०१४ मध्ये सवलत आणि मोफत घरपोच सेवा एकत्र देण्यास मनाई केली. ॲमेझॉनने टपालखर्च एक सेंट आकारून तिला वाकुल्या दाखविल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंपेक्षा कमी खरेदीवर किमान तीन युरो टपालखर्च बंधनकारक केला. ब्रिटनने उलटा मार्ग घेतला: १९०० पासूनचा निव्वळ किमतीचा करार १९९५ मध्ये मोडला आणि १९९७ मध्ये न्यायालयानेही तो अवैध ठरविला. भारतात विक्रेत्यांनी-प्रकाशकांनी आपसांत असा करार केला, तर तो स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कचाट्यात सापडण्याची शक्यता आहे. म्हणजे कायदाच हवा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतरच्या सत्कारांत असा कायदा कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्यसंमेलन झाले, ग्रंथदालन सजले. दालन तीन दिवसांचे असते.

कायदा दूरचा आहे. परंतु दरपत्रक जवळचे आहे, आणि ते बदलण्यासाठी संसदेची गरज नाही. विद्यापीठाच्या अधिकारमंडळांत बसलेल्या साहित्याच्या अध्यापकांनी तोंड उघडले तरी आरंभ होतो. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी मराठीच्या ग्रंथखरेदीतील ठरावीक हिस्सा, अल्प आणि सर्वांना सारख्या सवलतीने, याच जिल्ह्यांतील दुकानांतून घ्यावा. त्यासाठी दुकानाने दोन अटी पाळाव्यात. साहित्याची फळी वर्षभर भरलेली ठेवावी, आणि नोकराला अधिसूचनेप्रमाणे वेतन दिल्याची नोंदवही दाखवावी. पहिल्या अटीला सभागृहात टाळ्या पडतील. दुसरी अट वाचली जाताच कोण कोण खाली पाहू लागते, हे त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवण्यासारखे असेल.